पुरत नाही, डॉक्टर

१.
हेरॉइनच्या व्यसनावर दिले जाणारे मिथाडोन शरीरातून निम्मे उतरायला लागणारा वेळ: कुणाला 8 तास, कुणाला 59. औषधाच्या अधिकृत माहितीपत्रकातले आकडे. दोघांनाही ते दिवसातून एकदाच प्यायला मिळते.

२.
न्यूयॉर्क, 1964. रॉकफेलर संस्थेत व्हिन्सेंट डोल आणि मारी निस्वांडर यांनी हेरॉइनच्या रुग्णांना रोज मिथाडोन द्यायला सुरुवात केली. त्यांचे रुग्ण साधारण 80 ते 120 मिलिग्रॅमवर स्थिरावले.

1988. अमेरिकेतल्या केंद्रांत सुमारे 80 टक्के रुग्ण 60 मिलिग्रॅमच्याही खाली. औषध तेच, आजार तोच.

३.
मिथाडोन मोडायचे मुख्य काम यकृतातले सीवायपी-2बी-6 हे एन्झाइम करते. त्याच्या जनुकाचा एक मंद प्रकार आहे. तो आई आणि वडील दोघांकडूनही आला, तर रोजचा डोस पुरता उतरायच्या आत दुसरा येऊन पडतो. औषध साचत जाते, श्वास मंदावतो, हृदयाची लय बिघडू शकते. सुरुवातीच्या दिवसांतले मृत्यू असे होतात: सोमवारी सोसलेला डोस गुरुवारी सोसत नाही. म्हणून जाणते डॉक्टर थोड्यावर सुरू करतात आणि सावकाश चढतात.

४.
गरोदरपणात हेच एन्झाइम जोरात चालते. पोटात बाळ असलेल्या बाईने डोस वाढवून मागितला, तर ती खरे बोलत असते.

५.
इस्रायलमधल्या रुग्णांचा अभ्यास, 2008. एबीसीबी-1 हे जनुक पेशीतून औषध बाहेर ढकलणारा पंप घडवते. त्याची एक ठरावीक ठेवण असलेल्यांना 150 मिलिग्रॅमहून जास्त डोस लागण्याची शक्यता कितीतरी पट अधिक दिसली.

दीडशे मागणारा माणूस दाराशी आला, तर आपण त्याला काय म्हणतो?

६.
गर्दुल्ला. मराठी वर्तमानपत्रांनी हा शब्द आता टाकून द्यावा.

७.
1976. मेरी जीन क्रीक आणि सहकाऱ्यांनी नोंदवले: क्षयासाठी रिफाम्पिसिन सुरू केले आणि मिथाडोनवर नीट चाललेल्या रुग्णांना टर्की लागली, म्हणजे औषध तुटल्याचा त्रास सुरू झाला. रिफाम्पिसिनमुळे यकृत मिथाडोन भराभर मोडू लागते. इथे जनुक बदललेले नसते, शेजारची गोळी बदललेली असते.

आपल्या सरकारी केंद्रांत बहुतेकांना मिथाडोनऐवजी जिभेखाली ब्युप्रेनॉर्फिन मिळते. तेही रिफाम्पिसिनने कमी पडू शकते. क्षयाच्या गोळ्या एका खिडकीवर, ही गोळी दुसरीवर. दोन्ही खिडक्यांनी एकमेकींना कळवायलाच हवे.

८.
डिसेंबर 2023. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने गालाच्या आतून घेतलेल्या नमुन्यावरची एक चाचणी मंजूर केली. 15 जनुकीय फरक पाहून ती सांगते, अफूजन्य औषधांच्या व्यसनाचा धोका कुणाला जास्त. ती मागे घ्या, असे तज्ज्ञांनी काही महिन्यांतच लिहून कळवले. मला तज्ज्ञांचे पटते. कपाळी लागलेला शिक्का पुसायची चाचणी नसते.

९.
जनुक पाहून औषध ठरवण्याचे नियम लिहिणाऱ्या आंतरराष्ट्रीय गटाने 2024 मध्ये सीवायपी-2बी-6 आणि मिथाडोनपुढे लिहिले: शिफारस करण्याइतका पुरावा नाही. प्रामाणिक ओळ. एकाच डोसवर रक्तातली पातळी माणसागणिक कितीतरी पट वेगळी असते, आणि त्यातला थोडाच भाग एखादे जनुक उलगडते. बाकी वय, यकृत, इतर गोळ्या.

१०.
डोस घ्यायच्या आधी एकदा आणि नंतर काही तासांनी एकदा रक्त तपासले, तर औषध किती वेगाने उतरते ते दिसते. त्याला जनुकाची चाचणी लागत नाही.

११.
"रात्री पुरत नाही, डॉक्टर." केसपेपरवर याचे 'डोस वाढवून मागतो' होते. कृपा करून त्याचेच शब्द लिहा. आणि विचारा: पहाटे किती वाजता जाग येते, अंगाला घाम असतो का?