भिंतीवरची चिखलाची रेघ

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. कांदिवलीत पोयसर नदीने काठ सोडला. आम्ही त्या वेळी येथे साहाय्यक धर्मगुरू होतो. पाणी ओसरताच धर्मग्रामातील तरुणांना घेऊन आम्ही घरोघर निघालो. एका विधवा मावशींच्या खोलीत शिवणयंत्र, धान्याचा डबा, गादी, सारेच चिखलात रुतले होते. यंत्रावर त्यांचा चरितार्थ चाले. विमा वगैरे गोष्ट त्यांच्या घरी कधी पोहोचलीच नव्हती. "मावशी, रोगराई पसरेल, आधी घर धुऊन काढू," असे आम्हीच म्हणालो. तरुणांनी भिंती घासल्या, गादी फेकून दिली, गंजू लागलेले यंत्रही भंगारात गेले. एक सत्कृत्य घडल्याच्या समाधानाने आम्ही परतलो.

चार दिवसांनी पंचनाम्यासाठी माणसे आली. खोली स्वच्छ होती. शिधापत्रिकेचा लगदा झाला होता. नुकसान दिसत नाही, असा शेरा पडला. शेजारच्या घरी आम्ही पोहोचू शकलो नव्हतो. तेथे भिंतीवर चिखलाची रेघ तशीच होती, आणि त्या कुटुंबाला मदत मिळाली. मावशी एवढेच म्हणाल्या, "जाऊ द्या, फादर. घाणीत बसून राहायची मला तरी कुठे सवय आहे?"

सरकारी भाषेत या मदतीस सानुग्रह अनुदान म्हणतात. अनुग्रह म्हणजे कृपा. कृपा कमवावी लागत नाही, असे आम्ही धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकवितो. शासनाचा अनुग्रह मात्र पुरावा मागतो. २०१९ साली सांगली-कोल्हापूरच्या महापुरात मोफत धान्यासाठी घर दोन दिवस पाण्याखाली असण्याची अट आली, तेव्हा राज्यभर संताप उसळला. २०२१ च्या जुलैत महाड-चिपळूण बुडाल्यावर पूरग्रस्त कुटुंबास १० हजार रुपये, दुकानदारास नुकसानीच्या ७५ टक्के, परंतु कमाल ५० हजार, आणि टपरीधारकास कमाल १० हजार रुपये असे ठरले. बुडालेला संसार वा धंदा एवढ्याने उभा राहत नाही. तरी विमा नसलेल्याला पहिले पाऊल टाकण्यापुरता आधार मिळतो. जनतेच्या पैशाचा हिशेब ठेवणाऱ्याने पुरावा मागावा, यात आम्हांस गैर वाटत नाही. परंतु पूर पहिल्याने कागदच नेतो, हे त्यानेही ध्यानी घ्यावे.

म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर आम्ही आता भाविकांना सांगतो: शिधापत्रिकेच्या व दुकानाच्या परवान्याच्या प्रती नातलगाकडे ठेवा. पाणी शिरलेच, तर आधी भिंतीवरच्या रेघेची व बिघडलेल्या वस्तूंची छायाचित्रे घ्या. मगच झाडू हाती धरा.

मावशींना पुढे धर्मग्रामाच्या निधीतून यंत्र मिळाले. जे हक्काने मिळायला हवे होते, ते दान म्हणून स्वीकारताना त्यांनी मान वर केली नाही. त्यांची ती खाली झुकलेली मान आम्ही विसरलेलो नाही.