जुन्या नोंदी, मूळ तारखांसह

निवृत्तीनंतर बदलापूरच्या कुळगावातल्या आमच्या वाचनालयाच्या दाराशी मी रोज फळा लिहिते. दहा-बारा ओळी, आपल्याच भागाविषयी. स्टेशनकडे निघालेली माणसं क्षणभर थांबून वाचतात. यंदा लेकीचं बाळंतपण पुण्यातच करायचं ठरलं आणि जून ते ऑगस्ट मला तिकडे राहावं लागणार होतं. फळ्याचं काय? कोणी म्हणालं, सुविचार लिहायला सांगा. मला ते पटलं नाही. सुविचार कुठल्याही गावात चालतो, हा फळा बदलापूरचा आहे. आणि कोरा ठेवला तर लोकांची तिकडे बघायची सवयच मोडते.

फळा दुसऱ्या दिवशी पुसावा लागतो, म्हणून प्रत्येक नोंद मी आधी वहीत तारखेसह लिहून ठेवते. त्या वह्या काढून बसले. तेच पुन्हा दिलं तर वाचणाऱ्यांना उष्टं वाटेल का, ही शंका होती. पण कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या २००१ च्या जनगणनेत सुमारे ९८ हजार होती, २०११ मध्ये १,७४,२२६ झाली, आणि त्यानंतरही नव्या इमारती उभ्या राहतच आहेत. फळ्यासमोर उभी राहणारी निम्मी माणसं तरी माझ्या जुन्या नोंदींच्या वेळी इथे नव्हती. त्यांच्यासाठी त्या नव्याच.

पाणीकपात, लोकलच्या वेळा असलं सगळं बाजूला काढलं. अंबरनाथच्या शिवमंदिराची नोंद ठेवली: वालधुनीच्या काठचं शिलाहारकालीन मंदिर, शके ९८२ म्हणजे इ.स. १०६० चा शिलालेख. ती कधीही लावली तरी चालते. जांभळाची नोंद मात्र जूनमध्येच हवी, आणि तिच्यात एक ओळ वाढवावी लागली, कारण बदलापूरच्या जांभळाला आता भौगोलिक मानांकन मिळालं आहे.

फळा लिहायला अंबरनाथचा एक कॉलेजातला मुलगा तयार झाला. अक्षर सुरेख. त्याने विचारलं, "काकू, तारीख आजची टाकू ना?"

"नाही रे. मूळचीच टाक. आणि वर लिही, जुन्या वहीतून."

"मग लोक शिळं म्हणतील."

मी त्याच्यापुढे जुलैची वही उघडली. २६ जुलै २००५ च्या महापुराची नोंद होती: उल्हास नदी पात्र सोडून कशी वस्तीत शिरली, लोक वरच्या मजल्यांवर कसे थांबले. खाली नंतर जोडलेल्या ओळी, २७ जुलै २०१९ च्या. त्या दिवशी बदलापूर आणि वांगणीच्या मधे महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली होती आणि हजारभर प्रवाशांना बाहेर काढावं लागलं होतं. म्हटलं, धो-धो पावसाच्या सकाळी, लोकल गाठायच्या घाईत कोणी ही नोंद आजच्या तारखेखाली वाचली तर? नदीकाठी राहणारा माणूस कामावर जाईल की घरी पळेल? तो गप्प झाला. मग त्यानेच सुचवलं की पुराच्या नोंदीचं साल लाल खडूने, सगळ्यात वर, मोठं लिहू. हे मला सुचलं नव्हतं.

माझं मत आता पक्कं आहे. जुनं लिखाण पुन्हा द्यायला संकोच नको, पण ते जुनं आहे हे वाचणाऱ्याला पहिल्याच ओळीत कळलं पाहिजे. फळ्यावर लोकांचा विश्वास असतो.

पुण्याला नात झाली. तिथून मी फळ्याची चौकशी फारशी केलीच नाही, आणि मन लावून विश्रांती घेतली, जेवढी नातीने घेऊ दिली तेवढी.

परत आले तर मुलाने वही पुढे केली. ८ ऑगस्टला त्याने उल्हासनगरची नोंद लावली होती: कल्याणच्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले, आणि १९४९ मध्ये त्याच तारखेला गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारींच्या हस्ते त्या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळालं. बदलापुरात दुकान असलेले एक वयस्क सिंधी गृहस्थ ती वाचून आत आले होते. त्यांचं बालपण बॅरकमध्ये गेलं. एका बॅरकमध्ये कितीतरी कुटुंबं, मधे भिंतींऐवजी टांगलेली कापडं, हे सगळं त्यांनी सांगितलं आणि मुलाने तारीख घालून उतरवून घेतलं. माझ्या मूळ नोंदीत नाव होतं, साल होतं, बॅरकच्या आतलं काहीच नव्हतं. त्या गृहस्थांना मी पुन्हा बोलावलं आहे. या वेळी दोघं मिळून ऐकणार आहोत, आणि पुढच्या ८ ऑगस्टला ती नोंद दोन तारखांनिशी फळ्यावर जाईल.