एक्सपी उघडली!

विंडोज एक्सपी माझ्या नव्याकोऱ्या लॅपटॉपवर चालते! विंडोज ११ काढून टाकून नव्हे, तिच्याच पोटात, एका चौकटीत. तीच निळी पट्टी, तेच हिरवं स्टार्टचं बटण, तोच हिरवागार डोंगर आणि वर ढग. (तो डोंगर खराखुरा आहे बरं का. कॅलिफोर्नियातला. चार्ल्स ओरिअर नावाच्या छायाचित्रकाराने १९९६ साली टिपलेला.) ज्यांना हे सगळं पूर्वीपासून ठाऊक आहे त्यांनी खुशाल हसावं. मला आत्ता कळलंय आणि भेटेल त्याला मी हेच सांगत सुटलेय.

निमित्त झालं एका बंद पडलेल्या दिवाळी अंकाचं. त्यातले निवडक लेख पुस्तकरूपाने काढायचे ठरले आणि संपादकांच्या घरून सीड्यांचा खोका आला. आत पेजमेकर ६.५ या पानं मांडायच्या जुन्या सॉफ्टवेअरच्या फायली, श्रीलिपी या मराठी फाँट-पॅकेजात टाइप केलेल्या. नव्या मशीनवर त्या उघडेनात. मजकूर कसाबसा बाहेर ओढला, तर मराठीऐवजी टोप्या घातलेली फ्रेंच अक्षरं, पौंडाची चिन्हं आणि मोकाट सुटलेले कंस.

हे असं का होतं ते कळलं आणि मी आणखीच वेडी झाले. युनिकोडमध्ये (म्हणजे सगळ्या लिप्यांच्या समाईक संकेतांत) देवनागरी १९९१पासून आहे, पण पेजमेकरला युनिकोडची देवनागरी शेवटपर्यंत उमगली नाही. मग आपल्या फाँटवाल्यांनी काय केलं, तर इंग्रजी अक्षरांच्या खणांत देवनागरीचे तुकडे नेऊन बसवले! खण अवघे २५६, त्यातलेही काही वापरता न येणारे. एवढ्यात जोडाक्षरं कशी मावायची? म्हणून अक्षरंच फोडली. अर्धा ग वेगळा, त्याचा काना वेगळा. दोन्ही लागोपाठ आले की डोळ्यांना पूर्ण ग दिसतो. पहिली वेलांटी दिसते तशी व्यंजनाच्या आधी साठवायची, रफार मात्र अक्षरानंतर. आणि कुठला तुकडा कुठल्या खणात, हे ज्याचं त्याने ठरवलेलं, त्यामुळे श्रीलिपीतला मजकूर आकृती या दुसऱ्या पॅकेजच्या फाँटमध्ये टाकला की पुन्हा चिखल. काय अचाट जुगाड आहे हा! लग्नपत्रिकांपासून कादंबऱ्यांपर्यंत कितीतरी वर्षांची मराठी छपाई या जुगाडावर उभी होती, आणि वाचणाऱ्या कुणाला त्याचा पत्ताही नव्हता.

युनिकोडमध्ये बदलून देणारे कन्व्हर्टर आहेत, चांगलेही आहेत. पण वेलांट्या आणि रफार जागच्या जागी बसवताना ते अधूनमधून अडखळतात, आणि पानाची मांडणी त्यांच्यासोबत येतच नाही. तक्ते, चौकटी, कवितेची ओळ कुठे मोडलीय ते, सगळं मागेच राहतं. मला पान हवं होतं. छापलं होतं तसं.

तोडगा दिला पुण्याच्या नारायण पेठेतल्या एका डीटीपीवाल्या काकांनी. त्यांच्या दुकानात कोपऱ्यात पिवळट पडलेलं एक्सपीचं मशीन आजही चालतं. मागे प्रिंटरच्या पोर्टात श्रीलिपीचं लॉक खोचलेलं, ते नसेल तर श्रीलिपीत टाइप करता येत नाही. "मशीन काय, दुसरं मिळेल. हे लॉक गेलं की संपलं," काका म्हणाले. माझा चेहरा पडलेला बघून पुढे म्हणाले, "अहो ताई, तुम्हाला टाइप कुठे करायचंय? नुसतं उघडून पीडीएफ काढायचंय ना? मग लॉक नको, फाँट पुरे. व्हर्च्युअलबॉक्स टाका की लॅपटॉपवर!"

व्हर्च्युअलबॉक्स. फुकट मिळतं. आणि ते करतं काय, तर चक्क थापा मारतं. एक्सपीला सांगतं, ही बघ तुझी ५१२ एमबी रॅम, ही दहा जीबीची हार्डडिस्क, हा सीडी ड्राइव्ह. एक्सपी बिचारी विश्वास ठेवते! ती हार्डडिस्क म्हणजे माझ्या लॅपटॉपवरची साधी एक फाइल. आख्खा कॉम्प्युटर एका फायलीत! तिची कॉपी काढा, पेनड्राइव्हवर घालून दुसऱ्या मशीनवर न्या. स्नॅपशॉट घेऊन ठेवा आणि काही बिघडलं तर त्या क्षणाला परत या. एक मेख तेवढी लक्षात ठेवायची: डिस्कचा कंट्रोलर आयडीई निवडायचा. साटा ठेवला तर २००१ सालच्या एक्सपीला ती डिस्क दिसतच नाही.

मग पेजमेकर टाकलं, श्री-देव ०७१४ आणि त्याची भावंडं फाँटच्या फोल्डरमध्ये टाकली, फाइल उघडली. आणि पान आलं हो! दोन कॉलमांचं, मधे बारीक रेघ, वर वेलबुट्टी, खाली पानाचा आकडा. एकही काना हललेला नाही. काकांनी सांगितल्याप्रमाणे पोस्टस्क्रिप्ट फाइल काढून डिस्टिलरमधून पीडीएफ केलं, तेही जसंच्या तसं आलं.

पथ्य एकच, पण कडक: या एक्सपीला नेट द्यायचं नाही. तिचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ला संपला. त्यानंतर सापडलेली भोकं बुजवायला सहसा कुणी येत नाही. मे २०१७मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस पसरला तेव्हा मायक्रोसॉफ्टला तीन वर्षांपूर्वी वाऱ्यावर सोडलेल्या एक्सपीसाठी घाईघाईने पॅच काढावा लागला, यावरून काय ते समजा. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेनेही २०१८मध्ये बँकांना बजावलं, की एटीएममधल्या सपोर्ट संपलेल्या सिस्टिम जून २०१९पर्यंत बदला. ते योग्यच होतं, तिथे लोकांचे पैसे आहेत. माझ्या चौकटीत जुने लेख आहेत. सेटिंगमध्ये नेटवर्क काढून टाकलं, फायली शेअर्ड फोल्डरमधून आत-बाहेर, बस्स.

आता जिथे तिथे मला असंच जुनं सॉफ्टवेअर कामाला जुंपलेलं दिसू लागलंय. जॉर्ज आर. आर. मार्टिन त्यांच्या जाडजूड कादंबऱ्या डॉसवरच्या वर्डस्टार ४.०मध्ये लिहितात, नेट नसलेल्या मशीनवर! सॅन फ्रान्सिस्कोच्या मेट्रोची १९९८ सालची नियंत्रण यंत्रणा फ्लॉपीवर चालत आलेली. पॅरिसच्या ओर्ली विमानतळावर नोव्हेंबर २०१५मध्ये विमानं खोळंबली, कारण वैमानिकांना धुक्यातली दृश्यमानता कळवणारी यंत्रणा विंडोज ३.१वर होती आणि ती बसली. लोक हे किस्से फिदीफिदी हसत सांगतात. मला हसू येत नाही. विंडोज ३.१ बाजारात आली १९९२मध्ये. इतकी वर्षं रोजच्या रोज काम देणारं सॉफ्टवेअर कुणीतरी नीट लिहिलेलं असणार ना! खरा धोका असतो तो बाहेरचं नेट आत येऊ देण्यात आणि दुरुस्त करणारी माणसं संपत चालण्यात. नारायण पेठेतले काका आहेत तोवर मला निदान दुसरी चिंता नाही.

काकांनीच आता नवा किडा सोडून दिलाय. त्यांच्याकडे डॉसच्या जमान्यातल्या, जिस्ट कार्डावर टाइप केलेल्या काही फ्लॉप्या आहेत. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं आणि पुण्याच्या सी-डॅकने पुढे नेलेलं हे कार्ड, मराठी अक्षरं दाखवणारं. मात्र ते मदरबोर्डवर खोचायचं खरंखुरं यंत्र. व्हर्च्युअलबॉक्सला त्याची थाप मारता येत नाही. म्हणजे खरं जुनं मशीन हवं, तसला स्लॉट असलेलं, शिवाय चालू फ्लॉपी ड्राइव्ह. भंगारवाल्यांना सांगून ठेवलंय, रविवारी जुन्या बाजारात काका येतायत सोबत. तुमच्या माळ्यावर असलं काही पडलं असेल तर रद्दीवाल्याला देऊ नका, आधी मला विचारा!