अर्जातही माणूस दिसावा

जुम्याच्या नमाजनंतर मोहल्ल्यातल्या भगिनींचे अर्ज लिहून देण्याचे काम आम्ही काही जण करतो. बहुतेक अर्ज संजय गांधी निराधार अनुदान योजनेचे, तहसील कार्यालयात जाणारे. सोबत कुणाच्या तरी जुन्या अर्जाची नक्कल असते : ‘मी विधवा आहे. मला दोन मुले आहेत. माझे उत्पन्न कमी आहे. माझी परिस्थिती बिकट आहे.’ सगळे खरे. पण प्रत्येक वाक्य ‘आहे’वर आपटते आणि वाचणाऱ्याची नजर पुढे घसरते.

मराठीत क्रियापद शेवटी येते, म्हणून असा एकसुरीपणा लवकर शिरतो. आम्ही साधे उपाय करतो. दोन छोटी वाक्ये ‘करून’, ‘घेऊन’ने जोडतो. कारण ‘म्हणून’ने सांगतो. महत्त्वाची गोष्ट आखूड वाक्यात एकटी ठेवतो. तोच मजकूर मग असा होतो : ‘पती २०२१ मध्ये वारले. तेव्हापासून शिवणकाम करून मी दोन मुलांना सांभाळते. जे मिळते, ते भाडे आणि किराण्यातच संपते. मुलीची शाळा सुटू नये, म्हणून हा अर्ज.’

यात काही वाढवून सांगितलेले नाही आणि आदबही कायम आहे. लिहून झाल्यावर अर्ज मोठ्याने वाचतो. दम लागेल तिथे वाक्य तोडतो.

मंजुरी नियमांवर आणि दाखल्यांवर ठरते. पण आपल्या बहिणीचे म्हणणे नीट वाचले जावे, एवढे आपल्या हाती आहे. घरातल्या शिकलेल्या मुलामुलींनी आठवड्यातला एक तास यासाठी द्यावा.