कानातला इअरफोन आणि झोपेतला अभ्यास

दहावीची परीक्षा जवळ आली की घराघरांत उपाय सुरू होतात. कुठे रात्री बदाम भिजत पडतात, कुठे दुआ पढून दम केलेलं पाणी लेकराला पाजलं जातं. दोन-तीन वर्षांपासून आमच्या मुलांनी यात एक नवा उपाय घातला आहे. त्याचं नाव सब्लिमिनल ऑडिओ. मोबाईलवर पावसाचा किंवा संथ वाद्यांचा आवाज चालू असतो. त्याच्या खाली 'माझी स्मरणशक्ती वाढत आहे' अशी वाक्यं अगदी दबक्या आवाजात दडवलेली असतात. कानाला ती कळत नाहीत, पण मन ती टिपतं, असा दावा असतो. मुलं इअरफोन लावून हे रात्रभर ऐकतात.

आम्ही दुधनीत उर्दू आणि मराठी शिकवतो. गाव कर्नाटकाच्या सरहद्दीला लागून आहे. घरात उर्दू, बाजारात कन्नड, कचेरीत मराठी. इथल्या मुलांचा कान लहानपणापासून तयार असतो. म्हणूनच गेल्या हिवाळ्यात वर्गातली एक हुशार मुलगी इम्ल्यात चुकू लागली, तेव्हा आम्हाला खटकलं. 'सीन'च्या जागी 'शीन' लिहायची, शब्द पुन्हा विचारायची. बाजूला घेऊन विचारलं तेव्हा म्हणाली, "टीचर, कानात सतत सूं आवाज येतो." दीड महिना ती रोज रात्री इअरफोन लावून झोपत होती. दडलेले शब्द ऐकू येईनात, म्हणून आवाज वाढवत गेली होती.

तिच्या अम्मीला बोलावलं. त्या म्हणाल्या, "गाणी थोडीच ऐकते? अभ्यासाचंच ऐकते ना!" असं पुष्कळ घरांत वाटतं. पण आतल्या कानाला गाणं, नात, बयान आणि अभ्यास यांतला फरक कळत नाही. त्याला फक्त आवाज किती आणि किती वेळ, एवढंच कळतं.

आतल्या कानात शंखासारखी एक नळी असते. तिच्यात सुमारे पंधरा हजार अतिशय नाजूक केसपेशी असतात. त्या आवाजाचे संदेश मेंदूकडे पोचवतात. मोठ्या किंवा सततच्या आवाजाने त्या थकतात, मग मरतात, आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. आधी बारीक, उंच सुराचे आवाज जातात. त्यामुळे स, श, फ असे उच्चार एकमेकांत मिसळतात. माणूस 'बोलणं ऐकू येतं, पण कळत नाही' असं म्हणू लागतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली याबाबत एक मापदंड दिला. मोठ्यांसाठी आठवड्याला ८० डेसिबलचे ४० तास, मुलांसाठी ७५ डेसिबलचे ४० तास. आवाज ३ डेसिबलने वाढला की वेळ निम्मा होतो. आता हिशेब करा. रोज रात्री आठ तास म्हणजे आठवड्याला ५६ तास. आवाज ७५ डेसिबल असला, तरी मुलाची आठवड्याची मर्यादा पाच रात्रींतच संपते. दिवसा पाहिलेले व्हिडिओ यात धरलेलेच नाहीत. झोप म्हणजे खरं तर कानाच्याही विश्रांतीची वेळ. लोकवस्तीत रात्री ४५ डेसिबलपेक्षा जास्त आवाज नको, असं २००० सालचे सरकारी नियम सांगतात.

आणि फायदा? १९९१ साली अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ ग्रीनवाल्ड आणि सहकाऱ्यांनी अशा कॅसेटी लोकांना काही आठवडे ऐकायला दिल्या. काही स्मरणशक्तीच्या होत्या, काही आत्मविश्वासाच्या. निम्म्या लोकांच्या कॅसेटींवरची नावं गुपचूप बदलली. दडलेल्या शब्दांचा असर चाचणीत दिसला नाही, पण कॅसेटीवर जे नाव होतं ते आपल्यात सुधारलं, असं पुष्कळांना वाटलं.

तरीही मुलाला त्याने धीर येत असेल, तर आम्ही ऐकूच नको म्हणत नाही. पण एवढं पाळावं. दडलेले शब्द ऐकू न येण्यासाठीच असतात. आवाज वाढवला की पाऊसच मोठा होतो, म्हणून आवाज जितका कमी ठेवता येईल तितका ठेवावा. मोबाईलचा आवाज साठ टक्क्यांच्या वर नेऊ नये. झोपताना इअरफोन काढावा. ऐकायचंच तर मोबाईल फळीवर ठेवून स्पीकरवर हळू लावावा आणि अर्ध्या तासाने बंद होईल असा टायमर लावावा. दिवसा तासाभराने कानाला दहा मिनिटं सुट्टी द्यावी. कानात सूं आवाज आला किंवा दडे बसले, तर गरम तेल घालू नये, कानाच्या डॉक्टरकडे जावं. एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं, तर त्याच दिवशी जावं. तिथे उशीर महागात पडतो.

त्या मुलीला घरच्यांनी सोलापूरला नेऊन श्रवणचाचणी करून घेतली. इअरफोन बंद झाल्यावर काही दिवसांनी तिचा सूं आवाज थांबला. सगळ्यांचा थांबतोच असं नाही. मुंबईत वांद्र्याला १९८३ पासून महाराष्ट्राचे माजी राज्यपाल अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था आहे. ऐकण्याच्या दोषांची तपासणी आणि उपचार तिथे होतात. ज्यांच्या लेकरांना जन्मापासून ऐकू येत नाही, त्या आई-वडिलांना विचारा, कान किती मोठी अमानत आहे ते.

पाठांतराचा जुना मार्ग आपल्या घरांत आहेच. हाफिज होणारी मुलं सबक उस्तादांकडून ऐकतात, मोठ्याने म्हणतात, चुकलं की पुन्हा म्हणतात, दुसऱ्या दिवशी परत ऐकवतात. संध्याकाळी अर्धा तास लेकराजवळ बसा आणि त्याला धडा मोठ्याने म्हणायला लावा. तुम्हाला धडा कळला नाही तरी चालेल, त्याला ऐकणारं कोणी तरी हवं.