हिरवा ठिपका आणि मेयोनीजची बाटली



मागच्या वर्षी जेठ महिन्यात बिशी माझ्याकडे होती. आमचं नागापूरचं घर नगर-मनमाड रस्त्याच्या जवळ, शहरातल्या बायका म्हणतात "तुमच्याकडे यायचं म्हणजे गावाला आल्यासारखं." म्हणून मी ठरवलं, या वेळी पोहे-ढोकळा नको, मुलांसारखं सॅण्डविच करू. सुनेने मेयोनीजची बाटली आणलेलीच होती. काकडी, टोमॅटो, सिमला मिरची बारीक चिरून त्यात कालवली, ब्रेडमध्ये भरून भाजली. सगळ्यांना आवडलं.

बिशीत आमच्या एक मोठ्या भाभी आहेत. त्यांना ३० वर्षांपासून जमीकंदाचे पच्चक्खाण आहेत. पहिला घास घेण्याआधी त्यांनी विचारलं, "यात काही नाही ना गं?" मी बाटलीवरचा हिरवा ठिपका दाखवला आणि म्हटलं, "बिनधास्त खा भाभी."

दोन दिवसांनी बाटली संपली. तशीच दुसरी आणायची म्हणून चष्मा लावून मागची बारीक अक्षरं वाचली. तेल, पाणी, साखर, दुधाची पावडर, आणि शेवटाकडे ओनियन पावडर, गार्लिक पावडर. माझ्या पोटात गोळाच आला. पण भाभींना फोन केला नाही. उगाच त्यांच्या मनाला लागेल, आता खाल्लंय ते खाल्लंय, अशी मीच माझी समजूत घातली. ती समजूत किती महागात पडली ते शेवटी सांगते.

आधी ठिपक्याचं. मी बी.कॉम. झालेली, लग्नानंतर यांच्या एमआयडीसीतल्या वर्कशॉपचे हिशेब बरीच वर्षं लिहिले. ताळेबंदाच्या खालच्या टिपा वाचल्याशिवाय सही करायची नाही, हे मला पाठ. आणि घरात येणाऱ्या बाटलीच्या टिपा मात्र कधी वाचल्या नव्हत्या! हिरवा ठिपका सरकारी नियमातला शाकाहार सांगतो. त्या नियमात अंडं आणि मांस-मासे मांसाहारी. दूध, दुधाचे पदार्थ आणि मध त्यातून वगळलेले आहेत. म्हणजे मध घातलेला मस्टर्ड सॉसही हिरव्या ठिपक्याचाच. आणि कांदा-लसूण तर वनस्पतीच, त्यांना हिरवा ठिपका मिळणारच. ठिपका खोटं बोलत नाही, तो आपल्या प्रश्नाचं उत्तरच देत नाही.

आता मेयोनीज म्हणजे काय ते बघू. तेल आणि पाणी एकत्र नांदत नाहीत. मूळ पद्धतीत अंड्याच्या पिवळ्या बलकातलं लेसिथिन त्यांना बांधून ठेवतं, आणि आंबटपणासाठी व्हिनेगर किंवा लिंबू. हे अंडं बहुतेक कच्चंच असतं. त्यातून विषबाधा होते म्हणून तेलंगणाने २०२४ च्या ऑक्टोबरअखेर आणि तमिळनाडूने २०२५ च्या एप्रिलमध्ये कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर एक वर्षाची बंदी घातली. म्हणून हॉटेलात, गाड्यावर सॅण्डविच घेताना विचारायला लाजू नका.

बाजारातल्या बिनअंड्याच्या मेयोनीजमध्ये बलकाचं काम दुधातली प्रथिनं, स्टार्च आणि डिंक करतात. यादीत आयएनएस ४१५ दिसलं तर तो झँथन गम. तो जिवाणूंकडून आंबवून तयार होतो. व्हिनेगरही आंबवूनच होतं. ज्यांना हे चालत नाही त्यांनी तिथेच बाटली खाली ठेवावी. यादीतले जिन्नस वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहितात, म्हणून लसूण नेहमी तळाशी सापडतो. नुसतंच "मसाले" लिहिलं असेल तर मी ती बाटली घेत नाही. "कांदा-लसूण विरहित" असं स्पष्ट लिहिलेलं मेयोनीज आणि केचपही मिळतं, पण तेही उलटून वाचायचं. चवीला बाजारचं मेयोनीज गोडसर आणि गुळगुळीत असतं, नातवंडांना तेच आवडतं.

या वर्षभरात मी घरी तीन प्रकार करून पाहिले.

पहिलं दुधाचं. अर्धी वाटी तापवून गार केलेलं सायीचं दूध, फ्रीजमधलं थंडगार. त्यात एक वाटी बिनवासाचं तेल, अर्धा चमचा मोहरीची पूड, मीठ, चिमूटभर साखर. मिक्सरच्या लहान भांड्यात थांबत थांबत फिरवायचं. घट्ट होऊ लागलं की एक चमचा लिंबाचा रस घालून पुन्हा एकदा फिरवायचं, लगेच बसतं. दूध कोमट असेल तर फसतं, माझं पहिल्यांदा ताकासारखं झालं होतं. बाजारच्या चवीच्या सगळ्यात जवळ हेच जातं. पण हिशेब करा, दोन भाग तेल आणि एक भाग दूध. तीन चमचे मेयोनीज खाल्लं की दोन चमचे तेल पोटात गेलं! यांचं कोलेस्टेरॉल आहे, म्हणून यांच्या ब्रेडला मी बोट फिरवते फक्त.

दुसरं चक्क्याचं. टांगलेलं दही, मीठ, मिरपूड, जिरेपूड. हलकं, आंबट, उन्हाळ्यात फार छान. पण एक सांभाळायचं. आपण सॅण्डविचच्या हिरव्या चटणीला घट्टपणा यावा म्हणून डाळं घालतो. कच्चं दही आणि डाळं एका घासात आलं की द्विदल झालं. म्हणून चक्का लावणार असाल तर चटणीला डाळ्याऐवजी खोबरं किंवा तीळ घाला. दुधाच्या मेयोनीजला ही अडचण नाही, कारण ते दूध तापवलेलं असतं.

तिसरं काजूचं. अर्धी वाटी काजू गरम पाण्यात अर्धा तास भिजवून लिंबू, मीठ, मोहरीपूड आणि दोन चमचे तेल घालून गंधासारखे वाटायचे. चवीला सगळ्यात श्रीमंत, आणि खिशालाही तसंच. पाहुण्यांपुरतंच.

तिन्ही प्रकार त्याच दिवशी करून त्याच दिवशी संपवायचे. फ्रीज आहे म्हणून वासी चालत नाही.

खरं सांगू का, माझं मत अजूनही हिरव्या चटणीला. मुंबईच्या सॅण्डविचचा जीव त्या चटणीतच असतो. एक जुडी कोथिंबीर, चार मिरच्या, जिरे, लिंबू, साखर. आल्याऐवजी चिमूटभर सुंठ घाला, कोणाला कळत नाही. बटाट्याच्या जागी उकडलेलं कच्चं केळं. तिथीला हिरवी बंद असते तेव्हा भाजलेले शेंगदाणे, जिरे, लाल तिखट यांची कोरडी चटणी तुपावर भुरभुरायची. शेंगदाणा जमिनीत येतो, पण तो कंद नव्हे.

आणि लोणी? आपण लसणावरून बाटल्या परत करतो आणि ब्रेडला बटर थापतो. मध, मांस, मद्य यांच्याबरोबर लोणीही महाविगयांत आहे, हे व्याख्यानात ऐकतो आणि नाश्त्याला विसरतो. मीही विसरत होते. आता ब्रेडला तूप लावते. कडक भाजतो, चटणीचं पाणीही आत शिरत नाही. ज्या बहिणी यीस्टमुळे ब्रेडच खात नाहीत, त्यांनी हेच सगळं खाकऱ्यावर लावून बघावं.

आता भाभींचं. संवत्सरीचं प्रतिक्रमण झालं. सगळ्यांशी खमतखामणा करताना भाभींसमोर हात जोडले आणि शब्दच फुटेना. मग तिथेच सगळं सांगितलं. त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "मला माहीत नव्हतं. अजाणता झालं त्याला पच्चक्खाणात आगार आहे, अनाभोगाचा. पण तुला तर दोन दिवसांत कळलं होतं. तुझ्या अडीच महिन्यांना कुठला आगार?"

मी खाली बघत राहिले. मग त्या हळूच म्हणाल्या, "तुझं सॅण्डविच इतकं आवडलं, की मी सुनेला तीच बाटली आणायला लावली. दोनदा खाल्लं गं."

मैत्रिणींनो, पहिली चूक न वाचण्याची होती. ती माफ झाली असती. पण त्यांचं मन दुखेल या नावाखाली मी माझीच लाज झाकली आणि त्यांचा नियम आणखी दोनदा मोडला. आम्ही दोघी महासतीजींकडे गेलो, आलोचना केली. मला एक उपवास मिळाला. भाभींनी स्वतःहून माझ्याबरोबर केला, आणि पारण्याला मलाच घरी बोलावलं.

आता माझ्याकडे बिशी असली की वाढण्याआधी मी प्रत्येक पदार्थातले जिन्नस तोंडाने सांगते. बायका हसतात, म्हणतात "वार्षिक अहवाल सुरू झाला." हसू देत. परवा दुधाचं मेयोनीज लावून सॅण्डविच केलं, तेव्हा भाभींनी काही न विचारता पहिला घास घेतला. मीच त्यांचा हात धरला आणि म्हटलं, "थांबा, आधी ऐका."

लिहिण्यात जिनवाणीच्या विरुद्ध काही आलं असेल तर मिच्छामि दुक्कडम्.