बैल, घुबड आणि मनुष्यस्वभाव

इंग्रजीतील प्राणिवाचक रूपके उलगडताना शब्दकोशातला प्रतिशब्द पुरत नाही, असे आम्हांला वर्षानुवर्षे जाणवत आले आहे. बेंबळी परिसरातील विद्यार्थ्याला 'आऊल' म्हणजे घुबड हे ठाऊक असते. परंतु इंग्रजीत ते शहाणपणाचे प्रतीक आहे, हे ऐकून तो चकित होतो. त्याच्या घरी घुबडाचे ओरडणे अशुभ. तिकडचे घुबड मात्र अथेना या ग्रीक ज्ञानदेवतेचे. अथेन्सच्या प्राचीन नाण्यांवरही त्याची मुद्रा आढळते.

बैलाचे उदाहरण अधिक बोलके आहे. जॉन आर्बथनॉट यांनी १७१२ मध्ये निर्माण केलेले 'जॉन बुल' हे पात्र पुढे इंग्लंडचे प्रतीक ठरले. 'बुल' म्हणजे वळू; त्यात जोर आहे, आक्रमकता आहे. खच्ची करून कामाला जुंपलेला तो 'ऑक्स', आणि त्याच्या वाट्याला इंग्रजीतही मंदपणाच येतो. आपल्याकडे तर 'बैल' ही थेट शिवीच.

खांदेमळणीला ज्याच्या खांद्याला आपण हळद-तूप लावतो, पोळ्याला ज्याला पुरणपोळी भरवतो, त्याचेच नाव वर्गात मागे पडणाऱ्या मुलाला हिणवण्यासाठी वापरतो. रूपक प्राण्याविषयी थोडे आणि ते वापरणाऱ्याविषयी अधिक सांगते. मुकाट राबणाऱ्याला आपण बुद्धिहीन समजतो, हेच त्यातून उघड होते. म्हणून कोणतेही रूपक शिकवताना ते कोणी, कोणासाठी वापरले, हे विचारणे आम्ही आवश्यक मानतो. शेतकऱ्याच्या मुलाला हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही.